विचारलं नाही

उंब्रजच्या फाट्यावर आमची सातारा–सांगली एसटी दोन आचके देऊन थांबली, आणि मागच्या सीटखालून फ्लॉपींचा एक डबा घरंगळत थेट माझ्या पायाशी आला. झाकण उघडलं. चार-पाच फ्लॉप्या बसच्या ओल्या फळ्यांवर पसरल्या.

मी वाकून उचलायला लागले, तर समोरून आणखी एक हात आला. सावळा, लांब बोटांचा, आणि भलताच घाईत.

"राहू द्या, राहू द्या… मी घेतो."

"ही भिजली आहे," मी एक फ्लॉपी पुढे केली. "वाळल्याशिवाय ड्राइव्हमध्ये घालू नका."

तो घ्यायची विसरूनच गेला. "तुम्ही कम्प्युटरवाल्या आहात."

"कशावरून?"

"धरलीत कशी त्यावरून. लोक हटकून त्या पत्र्याच्या झडपेवरच बोट ठेवतात."

नव्याण्णव सालचा सप्टेंबर होता. पाऊस सरत आला होता, तरी जाता जाता एखादी सर टाकून जात होता. कंडक्टरनं सगळ्यांना खाली उतरवलं. फ्लॉप्यांचा मालक म्हणाला, "हे माझंच गाव. चहा कुठला प्यायचा ते मला विचारा." मी विचारलं नव्हतं; तरी मी गेले. टपरीच्या पत्र्याखाली सगळी बस गोळा झाली होती. तो माझ्या आणि पागोळ्यांच्या मध्ये उभा राहिला. मुद्दाम की सहज, ते मला कळलं नाही… आणि कळून घ्यावंसं वाटलं, हे मात्र कळलं.

"सांगलीला कशाला?" मी विचारलं.

"एक बनसोडे सर आहेत. त्यांनी डेटाबेस लिहिलाय, दवाखान्यांसाठी. लय भारी आहे म्हणतात. पण तो कुणाशी बोलतच नाही! आमच्या साताऱ्याच्या कंपनीचा रिपोर्टचा प्रोग्रॅम त्याला जोडायचाय, आणि सरांकडे ड्रायव्हरच नाही."

शेजारी बिडी ओढत बसलेले एक आजोबा वळले. "ड्रायव्हर हाय की पोरा! त्यो बघ, च्या पितोय."

मला हसू आवरेना. तोही हसला. हसताना त्याचे डोळे आधी हसायचे, ओठ मागून.

"आणि हे सर कसे आहेत?" मी जमेल तेवढा साधा चेहरा केला.

"भेटलो नाही अजून. पण ईमेलवरून वाटतं… पन्नाशीचे असतील. चष्मा. अन् जरा चिडके."

"चष्मा नाही," मी म्हणाले. "मी क्रांती बनसोडे."

त्याच्या हातातला चहा हिंदकळला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं रस्त्यावरच्या ट्रककडे बघितलं. मग खाली मान घालून म्हणाला, "पन्नाशी मागे घेतो."

"आणि चिडके?"

"ते… बघू या."

त्याचं नाव शंभूराज थोरात.

---

सांगलीत विश्रामबागेला, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. मालक बिराप्पा सर. जतचे, बंगळूरला शिकून परत आलेले. मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्याचे केसपेपर कम्प्युटरवर ठेवायचं काम त्यांनी आणलं होतं आणि माझ्यावर सोपवलं होतं. मी ते केसपेपर एक्सएमएलमध्ये ठेवले. प्रत्येक माहितीला तिच्या नावाची खूण, खुणेच्या पोटात आणखी खुणा. पेशंटच्या पोटात तपासण्या, तपासणीच्या पोटात औषधं. कागदावर जसं असतं, तसंच.

अडचण एकच होती. बाहेरचे प्रोग्रॅम प्रश्न विचारायचे ते जावाच्या ठरलेल्या पद्धतीनं, जेडीबीसीनं. प्रश्न कसा पाठवायचा, उत्तर एकेका ओळीत कसं घ्यायचं, हे सगळं त्यात आधीच ठरलेलं. ज्याचा डेटाबेस, त्यानं त्या पद्धतीमागचा कोड स्वतः लिहायचा. त्याच कोडला ड्रायव्हर म्हणतात. शंभूचा प्रोग्रॅम सरळ ओळी मागणार, आणि माझ्याकडे होत्या फांद्या. फांद्यांच्या ओळी करून देणं, हे माझं काम.

"दिवाळीनंतर मोठ्या डॉक्टरांना दाखवायचंय," बिराप्पा सर म्हणाले. "पुण्याची एक कंपनी पण रांगेत आहे. आपलं जमलं नाही तर हा प्रोजेक्ट बंद. स्पष्ट सांगतो."

प्रोजेक्ट बंद म्हणजे मीही घरी. माझे वडील मिरजेला रेल्वेत फिटर. त्यांनी रेल्वेच्या क्लार्कच्या परीक्षेचा अर्ज आणून कपाटात ठेवला होता. "असू दे," एवढंच म्हणाले होते. मी तो अर्ज भरणार नव्हते.

शंभू दर आठवड्याला साताऱ्याहून यायचा. माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसायचा, बाह्या दुमडायचा. मी फंक्शनमागून फंक्शन लिहायची, तो आपल्या प्रोग्रॅममधून हाका मारून बघायचा. आधी जोडणीच होईना. मग जोडणी झाली तर प्रश्न समजेना. मग प्रश्न समजला, आणि एका दुपारी — मार्केट यार्डाकडून हळदीचा वास खिडकीतून आत येत होता — त्याच्या स्क्रीनवर पहिली ओळ आली. सुलाबाई. वय साठ. मधुमेह.

"आली!" तो उभाच राहिला. "क्रांती, बोलला गं तुझा डेटाबेस!"

'तुम्ही'चं 'तू' झालं ते तेव्हा. दोघांच्याही लक्षात आलं.

"पण ही सुलाबाई तीन वेळा का आली?" त्यानं खाली बसत विचारलं.

"औषधं तीन आहेत. प्रत्येक औषधाला एक ओळ."

"मग एका माणसाला पुन्हा पुन्हा बघावं लागणार."

"त्रास होतो का बघायला?"

तो स्क्रीनकडे बघत नव्हता. "नाही," म्हणाला. "अजिबात नाही."

मी घाईघाईनं कीबोर्डवर काहीतरी टाइप केलं. नंतर बघितलं तर त्यात एकही अक्षर बरोबर नव्हतं.

---

भांडण झालं ते ॲलर्जीच्या रकान्यावरून.

डॉक्टरांना प्रत्येक पेशंटपुढे पेनिसिलिनची ॲलर्जी आहे की नाही ते हवं होतं. काही केसपेपरवर 'आहे' होतं, काहींवर 'नाही'. आणि पुष्कळशा जुन्या पेपरांवर तो मुद्दाच नव्हता. तिथं माझा ड्रायव्हर 'नल' द्यायचा, म्हणजे माहितीच नाही. शंभूचा प्रोग्रॅम त्या जागी सरसकट 'नाही' छापत होता.

"हे चुकीचं आहे," मी म्हणाले.

"अगं, रकाने मोकळे दिसले तर डॉक्टर म्हणतील, काम अर्धवट आहे. तू तिथं 'नाही' पाठव ना… मला नीटनेटकं छापता येईल. नंतर बघू."

"विचारलं आणि पेशंट 'नाही' म्हणाला, ते 'नाही'. विचारलंच नाही, ते 'नाही' कसं होईल?"

"दाखवण्यापुरतं तर आहे."

"शंभू, हातात इंजेक्शन घेऊन उभ्या असलेल्या नर्सला तुझा कागद मिळाला. ती काय वाचेल?"

त्याला पटलं नव्हतं. "ते पुण्याचे लोक चकाचक रिपोर्ट दाखवणार, क्रांती. आपण हरू. तुझाच प्रोजेक्ट जाईल."

"जाऊ दे. खोटं उत्तर माझ्या ड्रायव्हरमधून जाणार नाही."

"घरी तुला हट्टी म्हणतात का गं?"

"घरी मला क्रांती म्हणतात."

त्यानं फ्लॉप्या डब्यात भरल्या आणि जिना उतरून गेला. त्या दिवशी 'येतो' म्हणाला नाही. मी खिडकीशी गेले नाही. म्हणजे… गेले, पण तोवर त्याची रिक्षा वळली होती.

पुढच्या आठवड्यात तो येईल की नाही याची मला खात्री नव्हती. पण तो आला, न बोलता शेजारी बसला आणि त्यानं प्रोग्रॅम चालू केला. ॲलर्जीच्या रकान्यात आता तीन उत्तरं होती. आहे. नाही. आणि तिसरं, ठळक अक्षरात — 'विचारलं नाही'.

"माझ्याच प्रोग्रॅममध्ये तपासणी नव्हती," तो म्हणाला. "घातली."

"पटलं म्हणून की मी चिडले म्हणून?"

"गावाकडं गेलो होतो. आईला विचारलं, तुला कुठल्या औषधाचा त्रास हाय का? तर म्हणाली, मला आजवर ह्ये कुणी इचारलंच न्हाई." त्यानं रकान्यावर बोट ठेवलं. "मग पटलं."

---

दिवाळी झाली. एका संध्याकाळी आम्ही आयर्विन पुलाजवळच्या घाटावर बसलो होतो. कृष्णेचं पाणी निवळलं होतं. पुलावरच्या दिव्यांची पिवळी रेघ पाण्यात थरथरत होती. मधे भडंगाचा पुडा होता, आणि त्यातला प्रत्येक शेंगदाणा तो निवडून माझ्या बाजूला सरकवत होता.

"क्रांती… एक विचारू?"

"तांत्रिक?"

"नाही."

मी पाण्याकडे बघितलं.

"हे काम संपल्यावर मला सांगलीला यायला काही कारण उरणार नाही," तो म्हणाला. "तर मला… कारण पाहिजे. जन्मभराचं. म्हणजे… कळतंय ना तुला?"

कळत होतं. केव्हापासून कळत होतं. हात पुढे करून त्याचा हात धरावा असंही वाटत होतं. तो मी मांडीखाली दाबून ठेवला.

"घरी विचारलंस?"

त्यानं आणखी एक शेंगदाणा माझ्याकडे सरकवला.

"तुझे वडील सुभेदार होते, उसाचं रान आहे, गावात मान आहे. मी बौद्ध घरातली. घरी विचारलंस, शंभू?"

तो म्हणाला, "…विचारलं नाही."

आणि आपण काय म्हणालो ते ध्यानात येऊन तो कसनुसा हसला. मी हसले नाही.

"ते नको म्हणाले तरी चालेल मला," मी म्हणाले. "नकाराचं काय करायचं ते आपण दोघं बघू. पण मी लपून कुणाची होणार नाही. मैत्रीण म्हणून नाही, ऑफिसातली म्हणून नाही. माझ्या आजोबांनी छप्पन्न साली धम्म घेतला तो मान खाली घालून चालायचं नाही म्हणून. तू आधी घरी सांग. मग मला विचार."

"आणि तोवर?"

"तोवर ड्रायव्हर पुरा करायचाय."

---

दवाखान्यात मोठे डॉक्टर, त्यांचे दोन ज्युनिअर आणि बिराप्पा सर. शंभूनं रिपोर्ट काढला. पानभर नावं आली, आणि त्यात जागोजाग तेच — विचारलं नाही, विचारलं नाही.

"हे काय?" एक ज्युनिअर डॉक्टर तडकले. "दवाखान्याची अब्रू काढताय का? कंपनीला नीट रिपोर्ट देता येत नाही?"

बिराप्पा सरांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार, तोच शंभू उभा राहिला.

"सर, मी इथं 'नाही' छापणार होतो. कागद चकाचक दिसला असता. मॅडमनी छापू दिलं नाही." त्यानं पान डॉक्टरांपुढे सरकवलं. "यातल्या कुणाला ॲलर्जी असती, तर माझ्या कागदावर विश्वास ठेवून तुम्ही इंजेक्शन दिलं असतं."

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पान जवळ ओढलं. खालपर्यंत वाचलं.

"वयाप्रमाणे लावून दाखवा," ते मला म्हणाले.

"ते अजून केलेलं नाही, सर. आत्ता विचारलं तर ड्रायव्हर स्पष्ट सांगेल, की हे जमत नाही. महिनाभरात करून देते."

"पुण्याच्यांना सगळं जमतं."

"त्यांच्या कागदावर तुमच्या जुन्या पेशंटांपुढे काय छापून येतं, ते एकदा बघा, सर."

त्यांनी पान बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "आधी एका वॉर्डात चालवू. आणि उद्यापासून प्रत्येक पेशंटला हा प्रश्न विचारा." शेवटचं वाक्य ज्युनिअरांना होतं.

जिन्यावर बिराप्पा सरांनी शंभूच्या पाठीवर एवढी जोरात थाप मारली की तो दोन पायऱ्या खाली गेला. मी हसले. तो हसला नाही. "मी आज उंब्रजला चाललोय," म्हणाला. एवढंच.

त्यानंतर फोन नाही. ईमेल नाही. मी वयाप्रमाणे ओळी लावण्याचा कोड लिहीत बसायची. मन घट्ट होतं. पण एसटीचा हॉर्न ऐकला की बोटं थांबायची.

एका रविवारी सकाळी रेल्वे क्वार्टरच्या दारात तो उभा राहिला. खांद्याला मोठी बॅग, दाढी वाढलेली. मी पुढे झाले, तर तो माझ्या मागे बघत म्हणाला, "काका आहेत का? मला त्यांच्याशी बोलायचंय."

बाबांनी पेपर खाली ठेवला. धनाजी बनसोडे कमी बोलतात आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलतात.

"घरी सांगितलं?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"वडील म्हणाले, हा उंबरा इसर. आई काही बोलली नाही." त्यानं बॅग खाली ठेवली. "साताऱ्यात खोली घेतलीय. क्रांतीला मागायला आलो नाही, काका. ती कुणी द्यायची नाही, हे मला माहीत आहे. मी कोण आहे ते तुम्हाला सांगायला आलोय. तिला नंतर विचारणार आहे."

बाबांनी त्याला खुर्ची दाखवली. "उद्या वडिलांचा राग गेला, अन् ते म्हणाले, तू एकटाच ये… तर?"

"तर जाणार नाही."

"हं," बाबा म्हणाले. आतून माझी आई, पारूबाई, म्हणाली, "आवं, ते समदं खरं. पर पोरगं जेवलंय का न्हाई, ह्ये कुणी बघणार हाय का?"

जेवण झाल्यावर तो अंगणातल्या नळावर हात धुवायला आला. मी टॉवेल घेऊन उभी होते.

"आता विचारू?" तो म्हणाला.

"हो."

"अजून विचारलं नाही मी."

"माझं उत्तर झालं, शंभू," मी म्हणाले. आणि त्याचे ओले हात टॉवेलसकट धरले, सगळ्या क्वार्टरांसमोर.

---

रजिस्टर लग्नाची महिन्याची नोटीस आम्ही सांगलीत लावली. ती लागून थोडे दिवस झाले असतील, ऑफिसच्या जिन्यावर पावलं वाजली. हळू, थांबत थांबत. वर आल्या त्या नऊवारीतल्या एक बाई, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. धाप लागलेली.

"क्रांती कोण हाय गं?"

"मी."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. डोळे ओळखीचे होते. "मी अंबूबाई. शंभूची आई. कराडच्या म्होरं आजवर कवा एकली आले न्हवते."

मी खुर्ची दिली. त्या टेकल्या.

"तूच म्हणालीस व्हय त्येला, घरी सांग म्हणून?"

"हो."

"त्येच्या बाचा राग लय वाईट. पोरगं उभ्या जन्मात त्येंच्या म्होरं बोललं न्हवतं. त्या दिशी बोललं. कापत हुतं, पर बोललं." पदराच्या टोकाशी त्यांची बोटं चाळा करत होती. "मला वाईट वाटलं. अन् बरं बी वाटलं. त्ये कसं, मला सांगता न्हाई यायचं."

"मी त्यांना तुमच्यापासून तोडायला निघालेले नाही, आई. पण माफीही मागणार नाही."

"कशापायी मागशील?" त्या पटकन म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "लग्नाला साक्षीदार लागत्यात म्हणं. सही येणारं माणूस."

"लागतात. तिघं."

"मला सही येतीया," अंबूबाई म्हणाल्या.

लग्नाच्या दिवशी त्या ठरल्या वेळेआधीच रजिस्ट्रार ऑफिसच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. सुभेदार नाथाजी थोरात आले नाहीत. शंभू दोनदा दारापर्यंत जाऊन आला. तिसऱ्यांदा मी त्याला जाऊ दिलं नाही. माझ्या बाजूनं बाबांनी सही केली, मग बिराप्पा सरांनी. अंबूबाई पुढे झाल्या तशी कारकुनानं शाईचा पॅड सरकवला.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "पेन द्या."

एकेक अक्षर त्या कोरत गेल्या. शंभूनं ओठ घट्ट मिटले होते. माझा हात त्याच्या हातात होता.

बाहेर ऊन पडलं होतं. माझ्या आईनं सगळ्यांना पेढे दिले. निघताना अंबूबाईंनी मला बाजूला घेतलं, माझ्या कपाळावरचे केस मागे सारले.

"उंब्रजला कवा येतीस?"

"बोलावलं की येईन."

"मी बोलावतीया की."

"आणि मामंजी?"

"ते दिसभर म्होरच्या सोप्यात बसून असत्यात. बोलणार न्हाईत. उठणार बी न्हाईत." त्यांनी पदर सावरला आणि माझ्याकडे सरळ बघितलं. "तू परसातनं येऊ नगंस. म्होरच्या दारानं ये."